एकाच भागासाठी जमीन, विमान आणि किनारी समुद्र यांचे हवामानाचे तीन वेगळे अंदाज का देतात? शरदाच्या सुरुवातीला ते जुळतही नाहीत!

हवा एकच असते, पण प्रत्येकाला भीती वेगळ्या गोष्टीची असते.

शरदाच्या सुरुवातीला रात्री मोठ्या होऊ लागतात. आकाश निरभ्र आणि वारा मंद असेल तर जमीन झपाट्याने उष्णता गमावते, जमिनीलगतची दमट हवा थंड होते आणि पहाटे धुकं धरतं. समुद्र मात्र उन्हाळ्यात साठवलेली उष्णता हळूहळू सोडतो, त्यामुळे तो अजून कोमटच असतो. त्यावर वरून थंड हवा आली की सरी कोसळतात. म्हणजे गावात स्वच्छ ऊन आणि किनाऱ्यापलीकडे पाऊस, यात चूक कोणाचीच नाही.

जमिनीच्या अंदाजात तापमान आणि पाऊस पाहतात. विमानतळाचा अंदाज, म्हणजे 'टाफ', धावपट्टीच्या आसपास साधारण ८ किमीपुरताच असतो. त्यात वारा, दृश्यमानता, ढगांच्या तळाची उंची असं सगळं नेमकं लागतं. दृश्यमानता १ किमीच्या खाली गेली की धुकं. १ ते ५ किमी असेल तर विरळ धुकं.

समुद्राच्या अंदाजात वारा नॉटमध्ये (१ नॉट म्हणजे ताशी १.८५ किमी) आणि लाटांची उंची असते. इथे लोक हमखास फसतात: '२ मीटर लाटा' म्हणजे सर्वात उंच एक-तृतीयांश लाटांची सरासरी. एखादी लाट जवळपास दुप्पटही येते. छोटी होडी घेऊन जाणार असाल तर हाच आकडा आधी बघा.