बाहेरून चुंबक लावून कॅन्सरचं औषध पोटातल्या खोल गाठीपर्यंत ओढून नेता येतं का?

नाही, नुसतं ओढून नेता येत नाही. खोलवरच्या गाठीसाठी चुंबकाने फक्त दिशा द्यायची आणि पुढे जायची ताकद औषध वाहणाऱ्या कणाची स्वतःची असावी लागते. कारण चुंबकाची ओढ कणाच्या घनफळावर ठरते आणि द्रवाचा विरोध त्रिज्येवर. कणाचा आकार निम्मा केला की ओढ आठव्या हिश्शावर येते, पण विरोध निम्माच होतो. शिवाय अंतर वाढलं की ओढ झपाट्याने कमी होते. २००७ मध्ये माँट्रियलचे संशोधक सिल्व्हॅं मार्टेल यांच्या गटाने एमआरआय यंत्राने डुकराच्या मानेतल्या रोहिणीत चुंबकाने ओढली जाणारी धातूची गोळी फिरवली, पण ती होती १.५ मिलिमीटरची. केशवाहिनी जेमतेम ५ ते १० मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग)! म्हणून त्याच गटाने पुढे एमसी-१ जातीचे जिवाणू वापरले. त्यांच्या पोटात लोहाच्या चुंबकीय कणांची साखळी असते, त्यामुळे अगदी क्षीण चुंबकीय क्षेत्रानेही ते वळतात. पोहतात स्वतःच्या शेपटांनी, आणि कमी ऑक्सिजनकडे जातात. गाठीचा ऑक्सिजन कमी असलेला भाग, जिथे रक्तातून औषध नीट पोहोचत नाही, नेमका तोच त्यांना मानवतो. २०१६ च्या प्रयोगात प्रत्येक जिवाणूवर औषधाच्या सुमारे ७० लायपोसोम (चरबीच्या अतिसूक्ष्म) पिशव्या होत्या आणि ५५ टक्क्यांपर्यंत जिवाणू त्या भागात शिरले. मात्र हा प्रयोग उंदरांवरचा होता आणि जिवाणू गाठीच्या शेजारीच टोचले होते, शिरेतून सोडले नव्हते. तेव्हा याची वाट पाहत कुणीही चालू केमोथेरपी लांबवू नये.