कमिटी बघून फ्लॅट घ्यावा का?

प्रश्न असा आहे: 'पुण्यात रीसेलचा फ्लॅट घेतोय. ब्रोकर म्हणतो, लोकेशन बघा, कमिटीचं काय घेऊन बसलात! कमिटीमुळे रोजच्या राहण्यात खरंच फरक पडतो का?'

पडतो. मी पुण्यातच 56 फ्लॅटांच्या सोसायटीत 11 वर्षं राहतेय, त्यातली दोन वर्षं नाइलाजाने खजिनदार होते.

आधी पाण्याचं सांगते. उन्हाळ्यात आमच्याकडे 10,000 लिटरचे टँकर येतात. पूर्वी टँकर आला की वॉचमन चलनावर सही करायचा आणि महिनाअखेरीस बिल यायचं. आत नेमकं किती पाणी पडलं, कुणीच बघत नसे. मग संशय शेजाऱ्यांवर. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंकडे पाहुणे उतरले की लिफ्टमध्ये कुणीतरी हमखास म्हणायचं, "आज पाणी लवकर जाणार." नव्या सेक्रेटरींनी खालच्या टाकीत मोजपट्टी लावली. टँकर रिकामा व्हायच्या आधी किती इंच, नंतर किती, ते वहीत लिहायचं आणि मगच सही. पहिल्याच आठवड्यात दोन टँकर अर्धेमुर्धे निघाले. टँकरवाला बदलला. काकूंकडे पाहुणे अजूनही तेवढेच येतात, टोमणे मात्र थांबले.

दुसरं, मेंटेनन्स कमी आहे म्हणून हुरळून जाऊ नका. आमच्या आधीच्या कमिटीने सात वर्षं एक रुपया वाढवला नाही आणि दर सभेत त्यावर टाळ्या घेतल्या. आदर्श उपविधीत, म्हणजे सोसायट्यांच्या सरकारी नमुना नियमावलीत, सिंकिंग फंड (पुढच्या मोठ्या कामांसाठी साठवायचा पैसा) बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान 0.25 टक्के आणि दुरुस्ती निधी 0.75 टक्के सांगितलाय. आमच्याकडे दोन्हीच्या नावाने शंख! गच्ची गळायला लागली तेव्हा घरटी 40,000 रुपये एकदम मागावे लागले. पेन्शनवर जगणारं एक जोडपं हप्ते मागायला माझ्या दारात उभं होतं, पासबुक घेऊन. त्यांना बसा म्हणायलाही मला सुचलं नाही. वरच्या मजल्यावाले म्हणत आमच्या डोक्यावर गळतंय, खालचे म्हणत आमचा काय संबंध. त्या दोन मजल्यांनी त्या वर्षी गणपतीची आरतीसुद्धा वेगवेगळी केली.

लिफ्टचा वाद तर प्रत्येक सोसायटीत असतो. पहिल्या मजल्यावरचे म्हणतात आम्ही जिन्याने जातो, पैसे का द्यायचे? उपविधीप्रमाणे लिफ्टचा खर्च सगळ्यांनी सारखाच द्यायचा असतो, वापरा किंवा नका वापरू. जुने चेअरमन यावर पार्किंगमध्ये आवाज चढवायचे. आताच्या सेक्रेटरींनी तो नियम झेरॉक्स काढून नोटीस बोर्डावर लावला. कुरकुर अजून आहे, पण बिलं भरली जातात.

तुमच्या कामाचं: सदनिका तुमच्या नावावर करताना सोसायटी 25,000 रुपयांपेक्षा जास्त हस्तांतरण शुल्क घेऊ शकत नाही. आमच्याकडून 'देणगी' म्हणून लाखभर मागितले होते. नवखे होतो, दिले. (नवरा अजून ऐकवतो.) तुम्ही देऊ नका. विकणाऱ्याला आत्ताच विचारा, त्याच्या वेळी किती घेतले होते. तो अडखळला तर समजून जा.

त्यालाच गेल्या दोन वार्षिक सभांची इतिवृत्तं आणि लेखापरीक्षण अहवाल मागा. तो सभासद आहे, त्याला ते मागायचा हक्क आहे. थकबाकीचा आकडा आणि सिंकिंग फंडाची मुदत ठेव, एवढं पाहिलंत तरी पुरे. इमारत 15 वर्षांच्या पुढची असेल तर स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इमारतीच्या मजबुतीची तपासणी, झालंय का, तेही. सगळी सभा 'सर्वानुमते मंजूर'मध्ये संपलेली दिसली तर मला जरा शंका येते. जिवंत सोसायटीत कुणीतरी भांडलेलं असतंच.

आणि एकदा ब्रोकरला न सांगता सकाळी सातला जा. वॉचमनला चहा पाजा आणि विचारा, त्याचा पगार किती तारखेला होतो.