कारखान्यामुळे विहिरीचे पाणी दूषित झाले आहे का, हे तपासण्यासाठी नमुना कोठे द्यावा? खर्च किती येतो?

आपल्या शेताच्या वरच्या अंगाला औद्योगिक वसाहत आहे आणि उन्हाळ्यापासून विहिरीच्या पाण्याला पिवळसर झाक आली आहे, असे आपण लिहिले आहे. माझे स्पष्ट मत असे, की नमुना कोठे द्यावा हा नंतरचा प्रश्न आहे. तो कोठून, केव्हा आणि कसा घेतला यावरच सारे अवलंबून असते. टाकीच्या नळाखाली थंड पेयाची रिकामी बाटली धरून आणलेल्या पाण्याचा ‘मर्यादेत’ असा अहवाल एकदा आला, की पुढच्या प्रत्येक बैठकीत तोच कागद शेतकऱ्यापुढे टाकला जातो. हे मी पाहिलेले आहे, म्हणून लिहितो.

मी अनेक वर्षे एका खासगी सल्लागार संस्थेसाठी भूजलाचे नमुने घेत असे. दुधनेच्या खोऱ्यातील एका गावात अशीच तक्रार होती. आमच्या ज्येष्ठ भूवैज्ञानिकांचे म्हणणे होते, की शेतकऱ्यांच्या उघड्या विहिरी या कामाला निरुपयोगी आहेत. त्यांत पावसाचे, पाटाचे आणि सगळ्या थरांचे पाणी एकत्र होते, म्हणून आमच्या संस्थेने पाणी तपासण्यासाठी मुद्दाम घेतलेल्या निरीक्षण बोअरचेच पाणी ग्राह्य धरावे. ते बोअर काळ्या पाषाणात खोल गेलेले होते आणि वरच्या मुरमाला सलग केसिंग, म्हणजे बोअरच्या भिंतीला लावलेला बंद पाइप, होते. म्हणजे ज्या थरातून सांडपाणी सरकण्याचा संभव सर्वांत अधिक, नेमका तोच थर बंद करून खालचे पाणी तपासले गेले, आणि ते स्वच्छ निघाले.

मी विहीर उपसून पाहण्याचा आग्रह धरला. मे महिना होता. विहिरीचे मालक आबा म्हणाले, “लाईट रातच्याला हाय, मोटार लावून ठिवतो, सकाळी झरे उघडे दिसतेल.” सकाळी पायऱ्यांच्या त्या जुन्या विहिरीत तळाला गुडघाभर पाणी उरले होते. पश्चिमेच्या बाजूला मुरूम आणि पाषाण यांच्यामध्ये तांबड्या मातीची हातभर जाडीची पट्टी होती आणि तिच्या माथ्यावरून एक झरा गळत होता. त्याखालच्या दगडावर पिवळा ओघळ वाळून बसला होता. पूर्वेचा झरा खालच्या भेगेतून येत होता आणि त्याचा दगड स्वच्छ होता. दोन्ही झऱ्यांखाली वेगवेगळी भांडी धरून विद्युत वाहकता (पाण्यात क्षार किती विरघळले आहेत याचा अंदाज देणारे माप) मोजली, तेव्हा पश्चिमेचा आकडा पूर्वेच्या दुपटीहून अधिक आला. पुढे प्रयोगशाळेत पश्चिमेच्या झऱ्यात षट्‌संयुजी क्रोमियम, म्हणजे क्रोमियम धातूचे विषारी रूप, सापडले, पूर्वेच्या झऱ्यात सापडले नाही. तरीही अंतिम अहवालात आमच्या साहेबांनी, म्हणजे त्याच ज्येष्ठ भूवैज्ञानिकांनी, हा नमुना ‘उघड्या विहिरीतील, प्रातिनिधिक नसलेला’ असा शेरा मारून परिशिष्टात टाकला. मला तो शेरा तेव्हाही मान्य नव्हता आणि आजही नाही. मराठवाड्यातील बेसाल्टात, म्हणजे या काळ्या पाषाणात, पाणी सगळीकडून सारखे झिरपत नाही. ते मुरमातून, भेगांतून आणि दोन लाव्हाथरांमधल्या पट्ट्यांतून वाट काढते, आणि त्या वाटा उघड्या डोळ्यांनी दिसण्याची जागा म्हणजे उपसलेली विहीर. जिथे झरा वेगळा धरता येतो, तिथे त्याच्याइतका प्रातिनिधिक नमुना दुसरा नाही.

म्हणून आपणही आधी झरे पाहा. विहिरीत आडवी बोअर मारलेली असतील तर त्यांची दिशा आणि लांबी लिहून ठेवा, कारण ते पाणी शेजारच्या शिवारातूनही येत असते. एका सरळ रेषेत नसलेल्या किमान तीन विहिरींच्या मोटारी आदल्या संध्याकाळपासून बंद ठेवून पातळी मोजा आणि विहिरींच्या काठांची उंची डंपी लेव्हलने (उंचीतला फरक मोजण्याच्या दुर्बिणीने) एकमेकींशी जुळवून घ्या; पाणी कोणीकडून कोणीकडे जाते याचा अंदाज त्यावरून येतो, जमिनीच्या उतारावरून नेहमी येतोच असे नाही. वसाहतीच्या वरच्या अंगाची एक विहीर तुलनेसाठी हवीच. बोअरचा नमुना घ्यायचा असेल तर आत साचलेल्या पाण्याच्या तिप्पट पाणी काढा किंवा सामू (पीएच), तापमान आणि वाहकता स्थिर होईपर्यंत मोटार चालू द्या.

धातूंसाठीचा नमुना ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून जागेवरच गाळून मग त्यात नायट्रिक आम्ल घालून सामू २ च्या खाली आणतात. न गाळता आम्ल घातले तर गाळातले धातूही पाण्यात उतरतात, आणि आपल्या काळ्या दगडाच्या गाळात लोह, मँगनीज, क्रोमियम मुळातच असते, हे कारखान्याचा वकील पहिल्याच तारखेला सांगेल. षट्‌संयुजी क्रोमियमच्या बाटलीत मात्र हे आम्ल घालू नका. ती बर्फात ठेवून चोवीस तासांच्या आत पोहोचवा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात एकूण क्रोमियमची मर्यादा लिटरला ०.०५ मिलिग्रॅम आहे. एकदा मे महिन्यात आणि एकदा पावसाळ्यानंतर ऑक्टोबरात, असे किमान दोन नमुने घ्या.

काही गोष्टी सांगायला हव्यात. विहिरीच्या पाण्याला उग्र वास असेल तर आत उतरू नका, वरून दोरीने भांडे सोडा. तळाशी प्राणवायू कमी असू शकतो. वाहकता वाढण्याचे कारण खते किंवा उकिरडाही असतो, म्हणून नायट्रेटही तपासून घ्या. कारखान्यात द्रावके (रंग, तेल वगैरे विरघळवणारी, हवेत उडून जाणारी रसायने) वापरत असतील तर आमच्या साहेबांचे म्हणणे तेवढ्यापुरते बरोबर होते, कारण ती उघड्या विहिरीतून उडून जातात आणि त्यांच्यासाठी योग्य थरात जाळीचे केसिंग असलेले बोअर आणि काठोकाठ भरलेली काचेची कुपीच लागते. तसेच आपण स्वतः घेतलेला नमुना दिशा कळण्यासाठी असतो. १९७४ च्या जल प्रदूषण अधिनियमाच्या कलम २१ नुसार विहिरीतून नमुना घेण्याचा अधिकार प्रदूषण नियंत्रण मंडळाला आहे, तेव्हा आपले आकडे जोडून मंडळाकडे लेखी अर्ज करा आणि कोणत्या झऱ्याचा नमुना हवा ते अर्जात स्पष्ट लिहा.

खर्च तपासण्यांच्या यादीवर ठरतो. सामू, क्षार, कठीणपणा यांची नेहमीची तपासणी स्वस्त असते, पण तीत क्रोमियम किंवा द्रावके येतीलच असे नाही, ती नावे लिहून मागावी लागतात. त्यासाठी कारखान्याला मंडळाने दिलेले संमतीपत्र आधी मिळवा. सांडपाण्याचे आणि घातक कचऱ्याचे प्रकार त्यात नोंदलेले असतात. तो कागद हाती येईपर्यंत कोणत्याही प्रयोगशाळेत पैसे भरू नका.