ज्युनियर महिला हॉकी विश्वचषकात भारत नववा-दहावा येतो, मग ती स्पर्धा बघण्यात काय अर्थ?

आकडे तुमचे बरोबर आहेत. ही २१ वर्षांखालच्या मुलींची स्पर्धा, आणि चिलीतल्या सान्तियागोला २०२३ साली आपण नववे आलो आणि २०२५ ला तिथेच दहावे. पण नुसता क्रमांक वाचून तुम्ही हा प्रश्न विचारलाय असं वाटतंय, म्हणून जरा लांबण लावते. मी कॉलेजच्या संघात राइट हाफ, म्हणजे मधल्या फळीत उजवीकडे, खेळायचे. फार पुढे गेले नाही, पण ही स्पर्धा बघायची सवय तेव्हापासून लागली ती सुटली नाही.

आधी तो नववा क्रमांक बघू. २०२३ ला सोळा संघ होते. चार गट, प्रत्येकातले दोन पुढे. आपण पहिल्या सामन्यात कॅनडाला १२-० ने धुतलं. मग जर्मनीकडून ३-४, बेल्जियमकडून २-३. दोन्ही सामने एकेका गोलाने गेले आणि पहिल्या आठाचं दार बंद झालं. एकदा ते बंद झालं की कितीही चांगलं खेळलात तरी हाती लागणारा सगळ्यात वरचा क्रमांक नववाच असतो. तोही सहज मिळाला नाही, न्यूझीलंड आणि अमेरिका या दोघींशी बरोबरी होऊन शूटआउटपर्यंत जावं लागलं. म्हणजे त्या ‘नवव्या’त पराभव दोनच, आणि दोन्ही निसटते. २०२५ चा दहावा मात्र मला खुपतो. पहिल्यांदाच चोवीस संघ होते, नामिबियावर तेरा गोल चढवले आणि जर्मनीसमोर १-३. दुबळ्या संघांवर गोलांचा पाऊस आणि तगडा संघ समोर आला की हात आखडतात, हे दुखणं जुनंच.

आता तुमचा खरा प्रश्न, की इथून पुढे काही घडतं का. याचं उत्तर जर्मनीतल्या म्योन्शनग्लाडबाखला २०१३ साली मिळालं. तिसऱ्या क्रमांकासाठी आपण इंग्लंडशी खेळलो. १-१, मग शूटआउट, ३-२. महिला ज्युनियर विश्वचषकातलं आपलं हे पहिलं पदक. नियमित वेळेतला आपला गोल राणी रामपालचा, आणि स्पर्धेतली सर्वोत्तम खेळाडूही तीच. तेव्हा ती अठरा वर्षांची होती, पण त्याआधी २०१० चा मोठ्यांचा विश्वचषक खेळून आली होती, पंधराव्या वर्षी! सुशीला चानू कर्णधार होती. त्याच संघात वंदना कटारिया, दीप ग्रेस एक्का, मोनिका, नवनीत कौर. ही नावं टोकियो ऑलिंपिकच्या यादीशी ताडून बघा. आठ वर्षांनी चौथ्या आलेल्या त्या संघाचा कणा इथलाच होता, राणी कर्णधार, आणि दक्षिण आफ्रिकेविरुद्ध हॅटट्रिक करणारी वंदना. ऑलिंपिकमध्ये हॅटट्रिक करणारी ती पहिली भारतीय महिला.

तरी कुणी याला नियम समजू नये. टोकियोत उपांत्यपूर्व फेरीत ऑस्ट्रेलियाला १-० ने हरवणारा गोल गुरजीत कौरचा, आणि गुरजीत ज्युनियर विश्वचषक कधी खेळलेलीच नाही. २०१३ च्या संघात ती नव्हती आणि २०१६ च्या स्पर्धेला भारत पात्रच ठरला नव्हता. तेव्हा ही स्पर्धा साधारण चार वर्षांतून एकदा व्हायची. एकदा पात्रता हुकली की मुलींची एक अख्खी तुकडी त्या वयोगटातून बाहेर पडायची. आता ती दर दोन वर्षांनी होते. माझ्या मते गेल्या काही वर्षांत झालेला सगळ्यात मोठा फायदा हाच आहे, आणि त्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही. मुमताज खान २०२२ ला खेळली आणि २०२३ लाही. पूर्वी असं सहसा व्हायचं नाही.

मुमताजचं नाव निघालं म्हणून ती दुसरी मॅच सांगतेच. २०२१ ची स्पर्धा कोरोनामुळे पुढे गेली आणि एप्रिल २०२२ मध्ये दक्षिण आफ्रिकेत पोचेफस्ट्रूमला झाली. आपण गटात जर्मनीला २-१ ने हरवलं, उपांत्यपूर्व फेरीत दक्षिण कोरियाला ३-०, मग नेदरलँड्सकडून ०-३. आणि तिसऱ्या क्रमांकासाठी समोर पुन्हा इंग्लंड! मुमताजने दोन गोल केले, २-१ अशी आघाडी घेतली. मी तेव्हा घड्याळाकडे बघत बसले होते. शेवटची दोनेक मिनिटं उरली असताना इंग्लंडने बरोबरी साधली. शूटआउट ०-३. आपल्या एकीचाही चेंडू आत गेला नाही. नऊ वर्षांपूर्वी ज्या दारातून पदक आलं होतं, त्याच दारातून ते गेलं. स्पर्धेत आठ गोल करणारी मुलगी हात हलवत परतली. मला ते अजून पचलेलं नाही.

शूटआउट म्हणजे फुटबॉलसारखी जागेवरून मारलेली किक नव्हे, हे नवीन बघणाऱ्यांना माहीत नसतं. खेळाडू २३ मीटरच्या रेषेवरून चेंडू घेऊन निघते, समोर एकटी गोलरक्षक, आणि हातात आठ सेकंद. गोलरक्षक पुढे धावून येते, कोन कमी करते, तुम्हाला बाजूला ढकलत नेते. सहा सेकंद संपले की चांगल्या चांगल्या मुली घाईत मारतात. सराव कितीही करा, मागे कुणी नसताना आणि सगळं मैदान बघत असताना ते आठ सेकंद वेगळेच असतात. मस्कतला डिसेंबर २०२४ मध्ये ज्युनियर आशिया चषकाच्या अंतिम सामन्यात आपण चीनला याच प्रकारात हरवलं, १-१ नंतर ३-२, आणि तिथे गोलरक्षक निधीने तीन चेंडू अडवले. म्हणजे हे जमतं.

त्याच मस्कतमध्ये दीपिका होती. तिचा तो महिना बघा. नोव्हेंबरमध्ये राजगीरला मोठ्यांची आशियाई चॅम्पियन्स ट्रॉफी, अकरा गोल, अंतिम सामन्यात चीनविरुद्धचा एकुलता एक गोलही तिचाच. तीन-चार आठवड्यांत ज्युनियर आशिया चषक, बारा गोल. राजगीरला कर्णधार होती सलिमा टेटे, आणि पोचेफस्ट्रूमला ज्युनियर संघाचीही तीच. सलिमा, शर्मिला देवी आणि लालरेमसियामी तर टोकियो खेळून मग ज्युनियर विश्वचषकाला गेल्या होत्या. आपल्याकडे ज्युनियर आणि सीनियर यांच्यातली भिंत इतकी पातळ आहे. हे चांगलं की वाईट, यावर माझं मत अजून ठरत नाही. चांगली मुलगी लवकर वर जाते हे खरं. पण वर उचलण्याजोग्या मुली मोजक्याच असल्या तर त्याच त्या दोन्हीकडे राबतात.

नेदरलँड्सकडे ही अडचण नाही. २००९ पासूनच्या प्रत्येक अंतिम सामन्यात त्या आहेत आणि २०१६ सोडलं तर प्रत्येक वेळी जिंकल्यात. त्या साली अर्जेंटिनाने त्यांना ४-२ ने हरवलं. तिकडे क्लबात लहानपणापासून वयोगटानुसार संघ असतात, दर आठवड्याला सामने होतात, आणि हॉकी खेळणाऱ्यांत मुली मुलांपेक्षा जास्त आहेत. त्यांच्या मुलीला चेंडू मिळाला की ती मान वर करून बघते, आपली मुलगी बऱ्याचदा चेंडू मिळाल्यावर पळायला लागते. हे मी कुचेष्टेने म्हणत नाही, मी स्वतः तशीच खेळायचे.

पुढच्या वेळी बघाल तेव्हा गोलफलकाऐवजी शॉर्ट कॉर्नरवर, म्हणजे बचाव करणाऱ्यांच्या चुकीबद्दल मिळणाऱ्या पेनल्टी कॉर्नरवर, लक्ष ठेवा. बचाव करणाऱ्या संघाच्या गोलरक्षक धरून पाच जणी मागच्या रेषेवर, त्यांच्या बाकीच्यांना मधल्या रेषेपलीकडे जावं लागतं. चेंडू बाजूने ढकलला जातो, डीच्या, म्हणजे गोलसमोरच्या अर्धगोलाच्या, बाहेर थांबवला जातो, मग ड्रॅग फ्लिक, म्हणजे स्टिकने ओढत नेऊन गोलकडे भिरकावणं. ज्युनियर सामन्यात निम्मी गंमत त्या थांबवण्यातच असते. चेंडू स्टिकवरून जरा उसळला की सगळी आखणी कोलमडते आणि मग जो गोंधळ होतो त्यात कोण डोकं शांत ठेवते ते कळतं. आणि बचाव करणाऱ्यांमधली जी पहिली धावत सुटते, थेट फ्लिक मारणारीच्या दिशेने, तिचं नाव टिपून ठेवा. मी ते काम दोन वर्षं केलंय. आता तोंडावर मास्क आणि गुडघ्यांना पॅड असतात, आमच्या वेळी नुसते शिनगार्ड होते, आणि उजव्या गुडघ्याखालचा तो डाग अजून आहे.