तीन टक्के म्हणजे महिन्याचे का वर्षाचे?

प्रश्न असा आलाय की "3 टक्के व्याज" आणि "3 रुपये शेकडा" हे एकच का, आणि "टक्क्यांनी" नि "टक्क्यांवर" यात फरक धरायचा का.

पहिल्याचं उत्तर हो, दोन्हीचा अर्थ शंभराला तीन. घोळ होतो तो मुदतीचा. शाळेत आपण द.सा.द.शे. शिकलो, दर साल दर शेकडा, त्यामुळं शिकलेल्या माणसाच्या डोक्यात टक्का म्हटलं की वर्ष आपोआप येतं. पण आमच्या मराठवाड्यात गावात व्याजानं पैसे काढले की बोली असते महिन्याची, "तीन रुपयानं काढले" म्हणजे शंभराला महिन्याला तीन, आणि जुन्या माणसांना हे इतकं अंगवळणी पडलेलं असतं की महिना हा शब्द कुणी तोंडातनं काढतच नाही.

आमच्या घरात याच्यापायी नुकसान झालंय म्हणून जीव तोडून सांगतो. चुलत्यांनी पेरणीला 50 हजार काढले होते, चिठ्ठीवर नुसतं "50,000 – 3 टक्के". पुढं ते आजारी पडले, व्यवहार कॉलेजातल्या चुलतभावाकडं आला, त्यानं चिठ्ठी बघितली आणि म्हणला बँकेचं 12 टक्क्याचं आधी फेडू, हे 3 चं राहू दे. दीड वर्षानं हिशेबाला बसले तर याच्या मते व्याज 2,250 आणि समोरच्याच्या मते महिना दीड हजारप्रमाणं 27,000! महिन्याचे 3 म्हणजे द.सा.द.शे. 36, बँकेच्या तिप्पट, आणि दर महिन्याला व्याजावर व्याज चढवलं तर वर्षाला 42 च्याही वर. "दरमहा" एवढा एक शब्द चिठ्ठीवर पाहिजे होता.

मला स्वतःला शेकडा हाच शब्द चांगला वाटतो, त्यात शंभर दिसतात. आमच्याकडं कडब्याचा भावसुद्धा शेकड्यानंच, शंभर पेंढ्यांचा. टक्का मूळचा टका, म्हणजे नाणं, त्यात शंभर कुठंच दिसत नाहीत आणि मग "कशाचे शंभर" हे विचारायचंच राहून जातं.

आता दुसरं. फरक धराच. जायकवाडी धरण 40 वरून 60 टक्क्यांवर गेलं, तर "वर" सांगतं कुठं पोचलं. "नी" सांगतं कितीनं वाढलं, आणि ती वाढ आधी होतं त्या पाण्याशी ताडून बघायची. 40 चे 60 म्हणजे दीडपट, म्हणजे पाणी 50 टक्क्यांनी वाढलं. बातमीत "20 टक्क्यांनी वाढ" छापतात ते 20 धरणाच्या क्षमतेतले असतात, तिथं टक्केबिंदू (दोन टक्केवारींतली नुसती वजाबाकी) म्हणावं, नाहीतर सरळ "40 वरून 60 वर" लिहावं, वाचणाऱ्याला लगेच कळतं.

आणि ती क्षमता पण सगळ्या धरणाची नसते बरं का. टक्के मोजतात ते उपयुक्त साठ्याचे, जायकवाडीत तो साधारण 76 टीएमसी (म्हणजे अब्ज घनफूट), त्याच्याखाली आणखी 26 टीएमसीच्या आसपास मृतसाठा, म्हणजे आपोआप बाहेर न येणारं तळाचं पाणी. धरण शून्य टक्क्यावर आल्याचं वाचून लोकांना वाटतं तळ कोरडा पडला, पण त्या दिवसांतसुद्धा छत्रपती संभाजीनगरला प्यायचं पाणी याच मृतसाठ्यातनं उपसून जात असतं.