‘ठरलं होतं’ म्हणजे कोणी ठरवलं?

ताई,
मी कोपरखैरण्याला राहते. मिस्टर वाशीच्या मार्केटमध्ये माथाडी आहेत, गाव पाटण तालुक्यात. थोरली मुलगी सहा वर्षांची, धाकटी अडीच, आणि आता मला तिसरा महिना आहे. सासूबाई म्हणतात, “यात्रेला या, ओळखीचा डॉक्टर आहे, एकदा बघून घेऊ. मला तीन पोरींवर हा झाला. तोवर भावकीतल्या एकीनं मला ओटी भरायला बोलावलं नाही.” मिस्टर गप्प बसतात. आम्ही दोघं शिकलेलो, मुलगा-मुलगी भेद मानत नाही. धाकटीचं नाव तेवढं ठेवायचं राहिलंय, मुलगा झाला की दोघांचं बारसं एकदम करायचं ठरलं होतं. सगळे छकुली म्हणतात, लसीच्या कार्डावर ‘बेबी ऑफ’ आणि माझं नाव आहे. सासूबाईंना न दुखवता नाही कसं म्हणू?

— एक मैत्रीण

बाई गं,

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्या बारशापाशी अडले. ‘ठरलं होतं.’ कोणी ठरवलं? सासूबाई पाटणला, तू कोपरखैरण्याला. अडीच वर्षं रोज सकाळी त्या पोरीची वेणी तू घालतेस. एवढ्या दिवसांत एखादं नाव तुझ्या ओठांवर आलं नसेल, यावर माझा विश्वास नाही. आलं असेल, आणि तू ते गिळलंस. कारण तिचं बारसं भावाच्या पाळण्याला बांधून ठेवलंय, आणि त्या गाठीला तुझाही हात लागलाय.

रागावले आहे मी, लपवत नाही. ‘भेद मानत नाही’ लिहून पुढच्याच ओळीत हे लिहिलंस, आणि तुला ते खटकलंही नाही.

तुझ्याच सासरच्या साताऱ्यात 2011 साली जिल्हा परिषदेनं दोनशेहून अधिक मुलींची नावं बदलली होती. त्या सगळ्या ‘नकुशा’ होत्या, म्हणजे नको असलेल्या. शाळेच्या हजेरीत रोज तेच नाव पुकारलं जायचं. तुझ्या छकुलीच्या जन्मदाखल्यावर नावाची जागा मोकळी आहे. तिथं काय लिहिलंय ते तिला वाचता येईल, फार दिवस लागणार नाहीत.

सासूबाईंवर मला तेवढं चिडता येत नाही. त्यांना मुलगा का हवा होता ते त्या तोंडानं सांगतात. त्यांच्या उमेदीत मुलगा नसलेल्या बाईचं शेत दिराच्या मर्जीवर असायचं. मुलींना वडिलोपार्जित जमिनीत मुलांइतका हक्क मिळाला तो महाराष्ट्रात 1994 मध्ये, देशभर 2005 मध्ये. गावात आजही भाऊ बहिणींकडून हक्कसोडपत्रावर सही घेतात आणि बहिणी माहेर तुटू नये म्हणून करतात. त्या भीतीतून सासूबाई बोलतात. त्यांचं म्हणणं चूकच आहे, पण ते कुठून येतं ते मला दिसतं.

तपासणीचं मात्र एका वाक्यात सांगून टाक, ‘मी करणार नाही.’ पुढचं गप्प बसणाऱ्या मिस्टरांना ऐकव. पोटातलं मूल मुलगा की मुलगी हे बघायला लावणाऱ्या नवऱ्याला, सासूला पहिल्याच गुन्ह्यात तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. बाईवर घरच्यांनी जबरदस्ती केली असंच कोर्ट आधी धरून चालतं. तसं नव्हतं, हे दुसऱ्यांना सिद्ध करावं लागतं. गरोदरपणातल्या सोनोग्राफीआधी फॉर्मवर तू सही करतेस ना, त्यात ‘मला लिंग जाणून घ्यायचं नाही’ असं तुझ्याच तोंडी लिहिलेलं असतं. असा कायदा देशात सगळ्यांत आधी आपल्या महाराष्ट्रानं केला, 1988 साली. तरी 2001 मध्ये हजार मुलांमागे सहा वर्षांपर्यंतच्या 913 मुली होत्या, त्या 2011 मध्ये 894 झाल्या. घरोघरी कुणीतरी ‘एकदा बघून घेऊ’ म्हणालं आणि कुणीतरी गप्प बसलं, तेव्हा झालं हे.

पण नुसत्या नाही म्हणण्यानं सासूबाई ऐकायच्या नाहीत. का ऐकतील? धाकटीला बिननावाची ठेवून तू त्यांना अडीच वर्षं सांगते आहेस की तूही मुलाचीच वाट बघतेस.

म्हणून येत्या सोमवारी जन्मदाखला घेऊन, जिथं जन्माची नोंद झाली त्या कार्यालयात जा. पहिल्या वर्षात नाव फुकट लागतं, ते वर्ष तू घालवलंस. आता विलंब शुल्क भर. पंधरा वर्षांपर्यंत नाव घालता येतं म्हणून आणखी रेंगाळू नकोस. नाव तू ठरव. थोरलीला विचार हवं तर, तिनं केव्हाच ठरवून ठेवलं असेल.

आणि यात्रेच्या आधी बारसं कर. कोपरखैरण्यातच, घरात, घुगऱ्या शिजवून. अडीच वर्षांची पोर पाळण्यात मावायची नाही, मांडीवर घे. सासूबाईंना स्वतः फोन कर, आमंत्रण दे, पण येताना तिन्ही नणंदांना घेऊन या म्हणून सांग. बाळाच्या कानात नाव सांगायला आत्या लागते. ज्यांच्यामुळे सासूबाईंना कुणी ओटी भरायला बोलावलं नाही, त्याच तिघी छकुलीच्या कानाशी वाकतील, आणि पाठीवर थाप मारून कुर्रर्र करायला सासूबाईंना शेजारी बसव.

नाव काय ठेवलंस ते मला कळव. वाट बघते.

— तुझी ताई