'डॉक्टर हू'च्या कादंबऱ्या: सुरुवात कुठून करावी

तुमचा प्रश्न असा, की २००५ नंतरची 'डॉक्टर हू' मालिका बघून झाली, आता पुस्तकांकडे वळायचंय, पण शेकडो कादंबऱ्यांची यादी बघून काही सुचेनासं झालंय. जुनी मालिका न बघता त्या कळतील का, क्रमानेच वाचाव्यात का, आणि घरातल्या बारा वर्षांच्या भाचीला चालतील का? मी गेली पंचवीसेक वर्षं ही पुस्तकं गोळा करतोय. पहिलं मला मुंबईत फोर्टच्या फुटपाथवर, रद्दीच्या भावात मिळालं होतं. तेव्हा मालिकेचा एकही भाग मी पाहिलेला नव्हता, तरी पुस्तक एका बैठकीत संपलं. त्यामुळे पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे: हो, कळतील.

क्रमाचा विचार मात्र डोक्यातून काढून टाका. मालिकेचा नायक डॉक्टर हा काळात आणि अवकाशात भटकणारा परग्रहवासी, मरणाच्या दारात रूप बदलतो आणि मग नवा नट ते काम करतो, म्हणून पहिला डॉक्टर, सातवा डॉक्टर असं मोजतात. आपला आवडता डॉक्टर कितवा, हे बघूनही पुस्तक निवडू नका. लेखक बघून निवडा. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे, आणि ते का, ते सांगतो.

मालिका बीबीसीवर २३ नोव्हेंबर १९६३ला सुरू झाली. पडद्यावर सुरुवात कशी होते? इयान आणि बार्बरा हे एकाच शाळेतले दोन शिक्षक. सुझन नावाच्या एका विचित्र हुशार विद्यार्थिनीच्या मागावर ते एका भंगारखान्यात पोचतात आणि तिथे त्यांना टार्डिस सापडते, म्हणजे बाहेरून रस्त्यावरच्या पोलीस बॉक्ससारखं, पोलिसांना फोन करायच्या खोक्यासारखं, दिसणारं डॉक्टरचं कालयान. पुढच्याच वर्षी पहिली कादंबरी आली, डालेकांच्या, म्हणजे डॉक्टरच्या यंत्रकवचातल्या शत्रूंच्या, कथेवरची. लेखक डेव्हिड व्हिटेकर, म्हणजे मालिकेचा पहिला कथा-संपादक. पटकथेवर त्याचाच हात फिरलेला होता, जसंच्या तसं उतरवून काढणं त्याला सोपं होतं. पण त्याने शाळाही काढून टाकली आणि भंगारखानाही. त्याच्या पुस्तकात रात्र आहे, बार्न्स कॉमनवर दाट धुकं पसरलंय, नोकरीच्या मुलाखतीत नकार ऐकून इयान घरी निघालाय, आणि धुक्यातून एक जखमी बाई त्याच्यासमोर येते. तिच्या गाडीला ट्रकने धडक दिलेली आहे आणि गाडीतली मुलगी बेपत्ता आहे. ही बाई म्हणजे बार्बरा. दोघं एकमेकांना ओळखतही नाहीत. सगळी गोष्ट इयानच्या तोंडून, 'मी' म्हणून येते. डॉक्टर कोण आहे, त्याच्यावर विश्वास ठेवावा की नाही, हे इयानला माहीत नाही म्हणून आपल्यालाही माहीत नाही. कॅमेऱ्याला न जमणारी ही गोष्ट व्हिटेकरने पहिल्याच फटक्यात साधली, आणि मालिकेवरची कादंबरी म्हणजे नुसती नक्कल नव्हे, हे तिथेच ठरून गेलं.

१९७३मध्ये टार्गेट या प्रकाशनाने हे आणि साठच्या दशकातली आणखी दोन पुस्तकं पेपरबॅकमध्ये काढली आणि पुढच्या वर्षीपासून नवी काढायला घेतली. त्या काळी घरोघरी व्हिडिओ नव्हते. एकदा दाखवलेला भाग पुन्हा लागेल याची खात्री नसायची, आणि बीबीसीने तर जागा आणि टेप वाचवायला जुने भाग पुसूनच टाकले होते. चुकलेली किंवा आपल्या जन्माआधीची कथा गाठायची तर पुस्तक हाच रस्ता. टेरेन्स डिक्सने अशी साठाहून जास्त पुस्तकं लिहिली. वाक्य छोटं, वर्णन नेमकं, गोष्ट कुठे रेंगाळत नाही. टार्डिस प्रकट होताना धापा टाकत, कण्हत येणारा आवाज त्याने पुस्तकामागून पुस्तकात त्याच शब्दांत लिहिला, इतका की वाचणाऱ्यांना तो तोंडपाठ झाला. ब्रिटनमधली एक अख्खी पिढी या पुस्तकांवर वाचायला शिकली असं म्हणतात, आणि त्याची भाषा वाचली की ते पटतं.

पण तुम्हाला एकच टार्गेट वाचायचं असेल तर ते डिक्सचं नको, माल्कम हल्कचं 'डॉक्टर हू अँड द केव्ह मॉन्स्टर्स' घ्या, १९७४चं. पडद्यावर ही १९७०ची सात भागांची कथा. माणसाच्याही आधी पृथ्वीवर राज्य करणारे सरपटणारे बुद्धिमान प्राणी जमिनीखाली झोपलेत, आणि वर अणुसंशोधन केंद्र उभं राहिल्यावर ते जागे होतात. टीव्हीवर रबरी मुखवटे घातलेली ही मंडळी. त्यांना नावंसुद्धा नाहीत, एक म्हातारा, एक तरुण, एक शास्त्रज्ञ, बस. हल्कची स्वतःचीच पटकथा होती, आणि पुस्तकाची सुरुवात त्याने माणसांपासून केलीच नाही. सुरुवात ओकडेलपासून होते. ओकडेल त्याच प्राण्यांपैकी एक. आकाशातून एक छोटा ग्रह जवळ येतोय, तो आपलं वातावरण ओढून नेईल, या भीतीने त्याची जमात जमिनीखाली निघाली आहे, आणि तो शेवटचं एकदा बाहेर बघून घेतोय. तो छोटा ग्रह म्हणजे आपला चंद्र. तो पृथ्वीभोवती फिरत राहिला, आपत्ती आलीच नाही, आणि खाली झोपलेल्यांना उठवायला कुणी उरलं नाही. पुढे माणसं त्यांना राक्षस म्हणतात तेव्हा आपण त्यांच्या बाजूला उभं राहून ते ऐकत असतो. मुळात जमीन त्यांची होती. मुलांसाठी लिहिलेल्या छोट्याशा पेपरबॅकमध्ये हा प्रश्न इतक्या ताकदीने मांडलेला मी दुसरीकडे वाचलेला नाही.

१९८९मध्ये मालिका बंद पडली. १९९१पासून व्हर्जिन प्रकाशनाने 'न्यू ॲडव्हेंचर्स' सुरू केल्या. पडद्यावर न आलेल्या, पूर्णपणे नव्या कादंबऱ्या, आणि वाचक मोठा झालाय असं धरून लिहिलेल्या. मालिका नसण्याच्या त्या वर्षांत डॉक्टर जिवंत राहिला तो इथे. पहिलं पुस्तक गिल्गमेशच्या काळातल्या मेसोपोटेमियात घडतं, आणि कित्येक जण क्रमाचा हट्ट धरून त्यापासून सुरुवात करतात आणि तिथेच थांबतात. मला ते कच्चं वाटतं. पहिली तीन सोडून थेट चौथं, पॉल कॉर्नेलचं 'टाइमवर्म: रेव्हलेशन' वाचलं तरी काही बिघडत नाही. मालिका परत आणणारा रसेल टी. डेव्हिस आणि पुढे तिच्यासाठी लिहिणारा मार्क गॅटिस, दोघांनीही या मालेत कादंबऱ्या लिहिल्या आहेत. अँडी लेनच्या 'ऑल-कन्झ्युमिंग फायर'मध्ये डॉक्टरची गाठ चक्क शेरलॉक होम्सशी पडते आणि गोष्ट इंग्रजी अमदानीतल्या हिंदुस्थानात येते. रंजक आहे, पण आधी कॉर्नेल.

आणि कॉर्नेलचं 'ह्यूमन नेचर' (१९९५) तर चुकवूच नका. तुम्ही त्याची टीव्हीवरची दोन भागांची कथा पाहिलीच असेल, २००७ची, डेव्हिड टेनंट डॉक्टर होता तेव्हाची. डॉक्टर माणूस होतो, जॉन स्मिथ नावाने पहिल्या महायुद्धाच्या तोंडावर एका शाळेत शिकवतो आणि जोनच्या प्रेमात पडतो. पडद्यावर तो शत्रूंपासून लपायला माणूस होतो. मूळ कादंबरीत तसं नाही. तिथे सातव्या डॉक्टरच्या सोबतिणीचा, बर्निस समरफील्डचा, प्रिय माणूस गेलेला असतो. तिचं दुःख आपल्याला आतून कळत नाही, हे डॉक्टरला बोचतं, आणि तो आपणहून माणूस होतो. एवढ्या एका फरकाने पुढचं सगळं बदलतं. टिम हा शाळकरी मुलगा आठवतोय ना? टीव्हीवर तो युद्धात लढतो आणि म्हातारपणी स्मृतिदिनाला छातीवर लाल पॉपी लावून बसतो. पुस्तकात त्याची पॉपी पांढरी आहे, म्हणजे युद्धाला नकार देणाऱ्यांची. मी टीव्हीवरची कथा आधी पाहिली होती, म्हणून त्या पांढऱ्या फुलाशी येऊन मी पुस्तक मिटलं आणि बराच वेळ तसाच बसून राहिलो. २०१५मध्ये बीबीसी बुक्सने हे पुन्हा काढलंय, त्यामुळे व्हर्जिनच्या इतर पुस्तकांपेक्षा मिळायला सोपं आहे. 'केव्ह मॉन्स्टर्स'चीही २०११ची आवृत्ती आहे.

१९९७ नंतरच्या बीबीसीच्या आठव्या डॉक्टरच्या कादंबऱ्या सत्तरहून जास्त आहेत आणि एकमेकींत फार गुंतलेल्या आहेत. त्या नंतर बघा. वाटलं तर त्यातलं लॉरेन्स माइल्सचं 'एलियन बॉडीज' तेवढं घ्या.

एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. पुसलेल्या भागांपैकी नव्वदहून जास्त भाग अजून सापडलेले नाहीत. त्यात १९६४ची सातही भागांची 'मार्को पोलो' येते. तिचे बहुतेक भाग लखनौला जन्मलेल्या वारिस हुसेन यांनी दिग्दर्शित केले होते. मालिकेची पहिली कथाही त्यांचीच. चित्र गेलं, पण चाहत्यांनी टीव्हीवरून टेप केलेला आवाज शिल्लक आहे आणि मूळ पटकथाकार जॉन लुकारोटी यानेच ऐंशीच्या दशकात लिहिलेली कादंबरी आहे. दोन्ही मिळवा. आधी एका भागाचा आवाज ऐका, मग तेवढीच प्रकरणं वाचा. पामीरचं पठार आणि कुब्लाई खानचा दरबार असा हळूहळू उभा राहतो.

राहिली भाची. व्हर्जिनची पुस्तकं तिला इतक्यात देऊ नका, त्यात हिंसा आणि मोठ्यांचे विषय आहेत. तिच्यासाठी डिक्सच, आणि त्यातलं 'डॉक्टर हू अँड द ऑटन इन्व्हेजन'. दुकानाच्या काचेमागचे कपडे घातलेले पुतळे पहाटे हलायला लागतात आणि काच फोडून रस्त्यावर उतरतात. इंग्रजी तिला जड जाणार नाही. पहिलं प्रकरण तुम्ही मोठ्याने वाचून दाखवा, पुढचं ती स्वतःच वाचेल.